पीळ, पेच आणि पाना

तेरखेड्यावरून जाणाऱ्या सोलापूर–धुळे महामार्गाच्या कडेला मालट्रकचं चाक बदलणं चाललं असेल, तर घटकाभर थांबून पाहावं. जॅक उतरला की क्लीनर नटावर व्हील पाना चढवतो, दांड्यात हातभर पाइप घालतो आणि पाइपाच्या टोकावर चढून उभा राहतो. वर दोन उड्या मारतो. नट ‘कट्ट’ बोलला की पुढचा. साठ किलोचा माणूस मीटरभर लांबीच्या दांड्याच्या टोकावर नुसता उभा राहिला, तरी नटावर सुमारे ५९० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. अवजड ट्रकच्या चाकाच्या नटाला लागतो तोही पाचशे-सहाशेच्याच घरातला. म्हणजे उभं राहणं बरोबर होतं, उड्या जास्तीच्या.

‘पीळ’ हा शब्द वर लिहिला खरा, पण कुठल्याही गॅरेजवाल्याच्या तोंडी तो या अर्थानं येत नाही. तिथे ‘टॉर्क’ म्हणतात किंवा काहीच म्हणत नाहीत. शब्दाचा विषय निघाला तो भाऊच्या धक्क्यावरून. गावाकडचा एक पोरगा तिथे लाँचच्या इंजिनावर कामाला आहे. त्यानं फोनवर विचारलं, ‘‘नाना, बोटीवर ठेवायला टॉर्क रेंच घ्यायलोय. काट्याचा घेऊ का आवाजाचा? आणि बिलावर मराठीत काय लिहायचं हो याला?’’ पहिल्या प्रश्नासाठी त्यानं मला फोन केला नसावा, पण दुसऱ्याचं उत्तर शोधता शोधता पहिल्याचंही सापडत गेलं.

घट्टपणाला मराठीत शब्द काही कमी नाहीत. गच्च, घट्ट, फिट्ट, करकचून, चापून, आवळून. कंबर कसतात, फास आवळतात, मुसक्या बांधतात. यातल्या एकाही शब्दाला वरची मर्यादा नाही. करकचून म्हणजे किती, हे विचारायची सोय नाही. ते ज्याच्या त्याच्या मनगटावर. टॉर्कचा पाना हे अवजार नेमकं त्या ‘किती’साठी आहे. त्यामुळे त्याच्या नावात आपल्या जुन्या शब्दांपैकी कोणता बसेल हे पाहायचं, तर आधी मूळ इंग्रजी शब्दांची जात तपासावी लागते.

‘टॉर्क’ हा शब्द या अर्थानं तसा अलीकडचा. लॉर्ड केल्व्हिनचे थोरले बंधू जेम्स थॉमसन यांनी तो सुचवला आणि १८८४ साली तो छापून आला. त्याच वर्षी सिल्व्हेनस थॉम्प्सन यांनी आपल्या डायनॅमोवरच्या पुस्तकात तो वापरला. आधी ‘मोमेंट’, ‘कपल’ असं काय काय लिहीत. थॉमसननी लॅटिनमधलं ‘तोर्क्वेरे’ हे क्रियापद उचललं. अर्थ पिळणे. त्याच क्रियापदापासून इंग्रजीत ‘टॉर्चर’ आला, म्हणजे अंग पिळून केलेला छळ. ‘टॉर्च’ही तिथलाच: मेणात बुडवायला पिळून वळलेलं काहीतरी.

आता आपलं ‘पिळणे’ घ्या. संस्कृत ‘पीड्’, म्हणजे दाबणे, चुरणे. दोन स्वरांमध्ये अडकलेल्या ‘ड’चा मराठीत ‘ळ’ होतो. गुडचा गूळ झाला, षोडशचे सोळा झाले, तडागाचं तळं झालं. तसं पीड्-चं पिळणे. धुणं पिळतो, ऊस पिळतो, मिशीला पीळ देतो. त्याच धातूपासून ‘पीडा’ मात्र जशीच्या तशी संस्कृतातून आली आणि ‘पिळवणूक’ आपण इथेच घडवली. लॅटिनमध्ये एकाच मुळातून यंत्राचा टॉर्क आणि माणसाचा टॉर्चर निघाला. आपल्याकडे एकाच मुळातून दोराचा पीळ आणि जिवाची पीडा. दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांना न विचारता हे केलं.

पण ‘तोर्क्वेरे’चं सख्खं नातं ‘पीड्’शी नाही. ते आहे संस्कृतातल्या ‘तर्कु’शी. तर्कु म्हणजे सूत कातायची चाती. हिंदीत त्याचे तकुआ, तकला झाले. आपली टकळी, सुताची आणि तोंडाची दोन्ही, त्याच घरातली दिसते. ‘तर्क’ करणे म्हणजे मनात गोष्ट फिरवत राहणे, म्हणून काही अभ्यासक तोही या धातूशी जोडतात. तेव्हा टॉर्कला परका म्हणून हाकलून देण्याआधी त्याची चुलत भावंडं आपल्याच घरात चाती फिरवत बसली होती, हे ध्यानात असू द्यावं.

तेरखेड्यात बसून हे लिहिताना आणखी एक गोष्ट सुचते. वाशी तालुक्यातलं हे गाव मराठवाड्याला माहीत आहे ते फटाक्यांसाठी. फटाक्याचं अर्धं काम पिळाचं आणि ताणाचं. वात वळावी लागते. सुतळी बाँबवर सुतळी ओढून, एकावर एक आवळत गुंडाळावी लागते. ती सैल राहिली तर नुसता फुस्स. किती ओढायची हे कुठे लिहिलेलं नसतं, ते बोटांना माहीत असतं. टॉर्च आणि टॉर्क ही भावंडं आहेत हे इथल्या कारागिराला सांगितलं, तर त्याला त्यात नवल वाटणार नाही.

आणि याच जिल्ह्यात तेर आहे. तेरखेडा म्हणजे तेर नव्हे, नावावरून गल्लत करू नये. तेर म्हणजे तेरणेकाठचं, गोरोबाकाकांचं गाव, प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासपुस्तकात, ‘पेरिप्लस’मध्ये, त्याचा पत्ता दिला आहे: भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तिथलं जाडंभरडं कापड, मलमल असा माल गाड्यांवर लादून भडोचला जाई आणि तिथून जहाजावर चढे. आमच्या कोरडवाहू मुलखाचा समुद्राशी पहिला लेखी संबंध हा असा, सुतामार्फत. त्या कापडातला धागा न धागा पिळला होता. टॉर्क मोजला नव्हता एवढंच.

ज्या जहाजांवर असला माल चढे, त्या काळच्या हिंदी महासागरातली कितीतरी जहाजं शिवलेली असत. फळीला फळी काथ्याच्या दोरीनं टाके घालून जोडायची, खिळा नाही. शिवलेल्या नावांचा उल्लेख त्याच पेरिप्लसमध्ये आहे. तसं एक जहाज आपल्या नौदलानं अलीकडे पुन्हा करून पाहिलं. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून बेतलेलं, गोव्यात बांधलेलं ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. त्याच्या फळ्या काथ्यानं शिवलेल्या आहेत. असल्या जोडणीत सगळा भरवसा दोराच्या पिळावर आणि टाका ओढणाऱ्या हातावर. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण आपण हेकट माणसाला लावतो, पण तिच्यात दोर वळणाऱ्याचं निरीक्षण आहे: तंतू खाक झाला तरी त्याचं वळण राखेत दिसतं.

आता ‘रेंच’. जुन्या इंग्रजीत ‘रेंकान’ म्हणजे मुरगळणे, आणि ‘रेंक’ म्हणजे डाव, कपट, चलाखी. जर्मनमध्ये त्याच घरातला ‘रेंके’ आजही कारस्थान या अर्थी आहे. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण आपल्याकडे ‘पेच’ आहे. फारसी ‘पेच’ म्हणजे वळसा, पीळ. पागोट्याचा पेच, त्यावरचा शिरपेच, मळसूत्राचा पेच, आणि तालमीतला डावपेच. पिळण्याचा मनगटाशी आणि मनाशी एकदमच संबंध येतो, असं इंग्रजांनाही वाटलं आणि इराण्यांनाही. ‘पेचकस’ मधला ‘कस’ फारसी ‘कश्’ म्हणजे ओढणारा. आमच्याकडे मात्र त्या अवजाराला स्क्रू ड्रायव्हर म्हणतात, आणि पेच उरला आहे तो पेचप्रसंगात.

युरोपातल्या बाकीच्या बऱ्याच भाषांनी पिळण्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांच्या लेखी पाना म्हणजे किल्ली. फ्रेंच ‘क्ले’, स्पॅनिश ‘यावे’, इटालियन ‘क्यावे’, रशियन ‘क्ल्युच’, जर्मन ‘श्लुसेल’: सगळीकडे कुलपाची किल्ली आणि नटाचा पाना यांना एकच शब्द. पोर्तुगीजमध्ये तो ‘शावे’. हाच आपला चावी! बिजागरी, पिंप, घमेलं, बादली यांच्या सोबतीनं चावी किनाऱ्यावर उतरली आणि कुलपापाशीच थांबली. नटापर्यंत गेली नाही. गेली असती तर आज भाऊच्या धक्क्यावर ‘बाराची चावी दे’ असा आवाज ऐकू आला असता. एक अपवाद आहे. सहा कोनी खड्ड्याच्या बोल्टासाठी जी वाकडी सळई लागते, तिला आपण इंग्रजांच्या मागून ‘ॲलन की’ म्हणतो. तेवढी एक किल्ली पान्यांच्या डब्यात शिरली आहे.

डब्यातली बाकीची मंडळी पानेच. फिक्स पाना, रिंग पाना, बॉक्स पाना, गोटी पाना, पाइप पाना. गॅरेजमधलं पोरगं अक्षरओळखीआधी ‘दहा-अकरा’, ‘बारा-तेरा’, ‘सतरा-एकोणीस’ शिकतं. ‘पाना’ हा शब्द ‘स्पॅनर’चा शेपटीसकट तासलेला अवतार आहे, असं माझं मत. पुढचा ‘स’ गेला, मागचा ‘र’ गेला, राहिला तो गुळगुळीत आणि मराठी विभक्ती आनंदानं लावून घेणारा शब्द: पान्यानं, पान्याला, पान्याचा. रेंचचं असं काही झालं नाही. तो रेंच, रिंच, रेंज असा अजून अडखळतो आहे.

हा स्पॅनर मूळचा जर्मन, ‘श्पानेन’पासून. अर्थ ताणणे. सतराव्या शतकात चाकाच्या चकमकीची बंदूक असे. तिच्या चाकाला जोडलेली स्प्रिंग ताणून ठेवायला एक किल्लीवजा दांडा लागे. तो स्पॅनर. पुढे नट फिरवणाऱ्या दांड्याला तेच नाव मिळालं. म्हणजे एकाच अवजाराची तीन नावं तीन गोष्टी सांगतात. रेंच म्हणतो मी पिळतो. चावी म्हणते मी उघडते-लावते. स्पॅनर म्हणतो मी ताणतो.

खरं बोलतो तो स्पॅनर. नट आवळतो तेव्हा बोल्ट केसभर लांब होतो. त्याला पुन्हा आखूड व्हायचं असतं, आणि त्या ओढीनं दोन भाग एकमेकांवर दाबून बसतात. जोड धरून ठेवतो तो हा ताण. संस्कृत ‘तन्’पासून आपला ताण, विणकराचा ताणा, तंबूचा तणावा, तंतू आणि थेट ‘तंत्र’सुद्धा, इंग्रजी ‘टेन्शन’ त्याच आदिम मुळाचं. आपल्याला हवा असतो ताण, पण बोल्टाच्या पोटात शिरून तो मोजणं अवघड. म्हणून बाहेरून पीळ मोजायचा आणि आतला ताण ताडायचा. टॉर्कचा पाना करतो ते एवढंच. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यात कॉनरॅड बाहर नावाच्या गृहस्थानं १९१८ च्या सुमारास पहिला असा पाना केला असं सांगतात. नळांच्या जोडावरचे बोल्ट कामगार वाजवीपेक्षा जास्त आवळत, ते थांबवायला.

पीळ आणि ताण यांच्यातला हा फरक गॅरेजात एकवेळ चालून जातो. बोटीवर चालत नाही. नटाला दिलेल्या पिळापैकी साधारण निम्मा नटाच्या बुडाशी घासण्यात जातो, चाळीसेक टक्के आट्यांमधल्या घर्षणात. ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. समजा आट्यांना ग्रीस लागलं. घर्षण कमी झालं, वाचलेला पीळ सगळा ताणाकडे गेला. पान्यावरचा आकडा तोच, बोल्ट मात्र तुटायच्या बेताला आलेला. उलट, आट्यांत मीठ आणि गंज भरला असेल तर आकडा गाठला जातो आणि आत ताण जवळपास नसतोच. बोटीवर या दोन्ही गोष्टी रोजच्या. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टावर कोरडा फिरवला की आटे एकमेकांना चिकटून असे बसतात की कापूनच काढावे लागतात. ॲल्युमिनियमच्या इंजिनात स्टीलचा बोल्ट आणि भोवती खारं पाणी म्हटलं की ॲल्युमिनियम खायला सुरुवात. म्हणून आट्यांना ते चिकटू न देणारं अँटी-सीझ लावावंच लागतं, आणि लावलं की पुस्तकातला कोरड्या आट्यांचा आकडा तसाच वापरता येत नाही, उतरवावा लागतो. किती उतरवायचा ते इंजिनाच्या किंवा त्या डबीच्या कंपनीनं दिलेलं असतं. पाना घेण्याआधी ते कागद वाचावेत. हे पोराला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘तांडेल म्हणतेत, एवढं वाचत बसलं तर बोट कवा सुटायची?’’ तांडेलांचंही खरं आहे.

पाना कोणता, याला माझं उत्तर काट्याचा. त्यात एक लांब लवचिक दांडा असतो. तो पिळाखाली वाकतो आणि शेजारचा न वाकणारा काटा पट्टीवर आकडा दाखवतो. आत स्प्रिंग नाही, गंजून अडकेल असं काही नाही, किंमत कमी. काटा शून्यावर नसेल तर तो वाकवून शून्यावर आणायचा, झालं. खोट एकच: पट्टीवर सरळ वरून नजर पाहिजे. लाँचच्या इंजिनाखोलीत माणूस आडवा पडून, हात कोपरापर्यंत आत घालून काम करतो, तिथे ही नजर मिळत नाही. तिथे आवाजाचा पाना लागतो. मुठीवर आकडा लावायचा, पीळ तिथे पोचला की आतून ‘कट्ट’ होतं. तो आवाज आला की थांबायचं. खात्रीसाठी म्हणून पुन्हा एकदा ‘कट्ट’ करतात, तो क्लीनरच्या दुसऱ्या उडीसारखाच उद्योग. या पान्याची चूक चार टक्क्यांच्या आत असावी असं आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. वर्षाकाठी किंवा पाच हजार वेळा वापरून झाल्यावर तो तपासून घ्यायचा असतो. काम झालं की आकडा सगळ्यांत खालच्या खुणेवर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग ताणात राहून बिघडते. जाम नट सोडवायला तो मुळीच वापरू नये. आकडे दाखवणारा बॅटरीचा पानाही मिळतो. खाऱ्या हवेत मी तो घेणार नाही.

आणि एका पान्यात भागत नाही. सहा मिलिमीटरच्या स्टेनलेस बोल्टाला सात-आठ न्यूटन-मीटर पुरतात, दहा मिलिमीटरच्या स्टीलच्या बोल्टाला पन्नासाच्या आसपास, इंजिनाच्या हेडचे आणि पंख्याच्या दांड्याच्या कपलिंगचे त्याहून चढे. कुठल्याही टॉर्क पान्याचा भरवसा त्याच्या पट्ट्याच्या मधल्या भागात जास्त; तळाच्या पाचव्या हिश्शात तो धरू नये. दोनशे न्यूटन-मीटरपर्यंतच्या पान्यानं आठ न्यूटन-मीटरचा बोल्ट आवळणं म्हणजे तो तोडणं.

राहिला बिलावरचा शब्द. मराठी विश्वकोशात ‘मोमेंट’ला परिबल म्हणतात, निरूढी परिबल वगैरे. हिंदीवाले टॉर्कला ‘बल आघूर्ण’ म्हणतात. त्यात घूर्ण् म्हणजे गरगरणे, आणि इथे तर नट जागचा हलेनासा करायचा आहे. पाठ्यपुस्तकात हे शब्द आपल्या जागी ठीक आहेत. दुकानात ‘परिबलमापक पाना’ मागणाऱ्याला बसायला खुर्ची मिळेल, पाना मिळणार नाही. ‘पीळ-पाना’ मला मनातून आवडतो, पण तो रुजवायला आवळणाऱ्यांनी बोलायला हवा, लिहिणाऱ्यांनी बोलून उपयोग नाही. म्हणून ‘टॉर्क पाना’. टॉर्क चातीचा नातेवाईक, पाना स्पॅनरचा मराठी झालेला मुलगा, दोघांचं जमतं.

पोरानं बिलावर तसंच लिहून घेतलं. मग त्याचा पुन्हा फोन. मुंबईतल्या दुकानदारानं विचारलं होतं, गोटी कोणत्या खुंटीची बसवायची, अर्धा इंची की तीन सूत? सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे त्याला माहीत होतं. सुतार दोरी धरून माप घेई त्या सूत्राचं हे सूत, हे मी सांगितलं. इंजिनाच्या हेडला अर्धा इंची आवाजाचा आणि बारक्या बोल्टांना तीन सुताचा काट्याचा, असे दोन घेऊन तो धक्क्यावर परत गेला.